सातवी खुंटी

काकूंनी भिलाईतलं सेक्टर ४ मधलं क्वार्टर सोडलं, तेव्हा माळ्यावरून काकांची गिटार निघाली. पाठ वाळवीनं खाल्लेली, तारा गंजून तुटलेल्या. कबाडीवाल्यानं ती काट्यावर ठेवली आणि माझ्या पोटात कालवलं. त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. कॉलेजातल्या पोरांनी पंचमदांच्या, म्हणजे आर. डी. बर्मन यांच्या, गाण्यांचा बँड काढलाय, पहिला कार्यक्रम ४ जानेवारीला, त्यांच्या स्मृतिदिनी. "मामा, तीस हजारांत गिटार आणि अँप दोन्ही बसवून द्या."

काकांच्या गिटारीला खुंट्या सात होत्या, तारा सहा. लहानपणी ती रिकामी खुंटी मला छळायची. जाता-येता मी ती पिळून बघायचो. शेजारचे हे काका पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये होते. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनियरकडून त्यांनी ती घेतली होती. रशियन गिटारीची जुनी परंपरा सात तारांची. मोकळ्या तारा छेडल्या तरी जी मेजरची अख्खी कॉर्ड वाजते. हिंदी गाण्यांसाठी काकांनी ती स्पॅनिश पद्धतीनं लावली आणि एक तार काढून टाकली.

२ फेब्रुवारी १९५५ला भिलाईच्या या कारखान्यासाठी भारत-सोव्हिएत करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. या तारखा आम्हाला शाळेत पाठ होत्या. भट्टीबरोबर माणसं आली आणि माणसांबरोबर त्यांची वाद्यं आली, हे कुणी शिकवलं नाही.

भाचीला घेऊन दुर्गला गेलो. स्वस्त गिटार घेताना नाव शेवटी बघावं, मान आधी. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला बोचतात. म्हणून कडेवरून बोट फिरवायचं. बाराव्या फ्रेटवर तार दाबून सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात लागतो का, ते ऐकायचं. आम्ही यामाहाची पॅसिफिका ०१२ घेतली. ब्रिजपाशी हंबकर, मानेकडे दोन सिंगल कॉइल. त्यामुळे स्वच्छ कॉर्डही वाजतात आणि 'दम मारो दम'सारखा जाड, धारदार आवाजही निघतो. १९७१च्या त्या गाण्यातली गिटार भूपिंदर सिंगांची. गायक म्हणून त्यांना सगळे ओळखतात.

पोरांना सगळ्यांत मोठा अँप हवा होता. पण वॉट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणून २० वॉटचा घेतला. त्याच्यापुढे माईक लावला की हॉलच्या स्पीकरमधून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल. उरलेले पैसे सेटअप, चांगली केबल आणि तारांचा जादा संच यांत गेले.

एक राग मात्र माझ्या मनात अजून आहे. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात निवेदक गायकांची नावं पुन्हा पुन्हा घ्यायचा. मागे बसून तीन तास रिदम वाजवणाऱ्या काकांचं नाव मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. 'शोले'त अमिताभच्या ओठांवर दिसणारा माउथ ऑर्गन भानू गुप्तांनी वाजवला. पंचमदांकडे वर्षानुवर्षं रिदम गिटार वाजवणारे हेच भानूदा. रिदम थांबली की गाणं कोसळतं. चालू असते तोवर तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आमच्या गावात हे नवीन नाही. झोतभट्टी रात्री विझवता येत नाही. तीन पाळ्यांतली माणसं ती धगधगती ठेवतात. रुळाच्या अंगावर कारखान्याची खूण आणि साल उमटलेलं असतं. माणसाचं नाव नसतं. काकांनी घडवलेले रूळ देशात कुठे कुठे पसरलेत, देव जाणे.

म्हणून भाचीला एक काम सांगितलं: प्रत्येक गाण्याआधी त्यात कुणी काय वाजवलं, ते सांगायचं. ती यादी करते आहे. बऱ्याच गाण्यांपुढची जागा रिकामी आहे. "तिथं काय बोलू, मामा?" तिनं विचारलं. म्हटलं, "गिटार वाजवणाऱ्याचं नाव सापडलं नाही, असं स्पष्ट सांग. कुणीतरी वाजवली होती, एवढं तरी लोकांना कळेल."