घर चाकांवर, फटफटी पाठीवर

विलायतेत उन्हाळ्याच्या दिवसांत रस्त्यावर एक गमतीची गाडी दिसते. पुढून पाहावी तर टेम्पोसारखी, आत डोकवावे तर चक्क घर! दोघांचा बिछाना, शेगडी, मोरी, पाण्याची टाकी, संडाससुद्धा. तिला मोटारहोम म्हणतात. नोकरीधंद्यातून मोकळी झालेली नवराबायको ती घेऊन महिना महिना हिंडतात. अशा कितीतरी गाड्यांच्या पाठीला एक फटफटी आडवी बांधलेली असते.

तुम्ही म्हणाल, अख्खे घर बरोबर आहे, वर हे लोढणे कशाला? त्यासाठी आपण इंग्लंडच्या वायव्येला, कंब्रिया परगण्यातल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये जाऊ. हा डोंगरांचा आणि तळ्यांचा मुलूख. इंग्लंडचे सर्वांत उंच शिखर स्काफेल पाइक इथेच, पण उंची ९७८ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर आहे. तेव्हा उंचीने दबून जायचे कारण नाही. दबायचे ते रस्त्यांना! अँबलसाइड गावाकडून पश्चिमेला एस्कडेलच्या खोऱ्यात जाताना रायनोज आणि हार्डनॉट असे दोन घाट लागतात. हार्डनॉटचा चढ काही ठिकाणी असा, की तीन फूट पुढे जावे तर एक फूट वर चढावे. रस्ता एकाच गाडीपुरता, वळणे विळ्यासारखी. सात मीटर लांबीचे घर तिथे नेण्यात शहाणपण नाही. ते खाली ग्रेट लँगडेलच्या तळावर उभे करायचे आणि पुढे फटफटीने जायचे. तळ रोज बदलला नाही म्हणजे घराचे डिझेल वाचते, तेही खिशाला बरे.

आता खरी मेख ऐका. बैलगाडी हाकणाऱ्याला ती सांगावी लागत नाही. गाडीत माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. मोटारहोमचेही तसेच. समजा, पुढच्या आणि मागच्या आसांत चार मीटर अंतर आहे आणि फटफटी मागच्या आसाच्या अडीच मीटर मागे टांगली आहे. फटफटी १२० किलो, तिला धरणारा लोखंडी सांगाडा ४० किलो, झाले १६०. पण मागच्या आसावर १६० नव्हे, २६० किलो येऊन बसतात! वरचे १०० किलो पुढच्या आसावरून उचलले जातात. यातल्या पुष्कळ गाड्यांना इंजिनची ओढ पुढच्या चाकांना असते. ती चाके हलकी पडली की ओल्या गवतावर जागच्या जागी फिरतात, आणि भर रस्त्यात सुकाणूही हलके लागते. ब्रेक दाबावा त्या वेळी हे फार वाईट.

शिवाय कायदा आहे. बहुतेक मोटारहोमना भरल्या वजनाची मर्यादा ३५०० किलो. ज्यांनी मोटारीची परीक्षा १९९७ पासून पुढे दिली, त्यांचा साधा परवानाही तेवढ्यापुरताच. घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि माणसे धरली की गाडी आधीच काठावर आलेली असते. म्हणून शहाणा माणूस सांगाडा विकत घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर नेतो. उसाची गाडी कारखान्यात नेतो तशीच, पण पुढची चाके वेगळी, मागची वेगळी तोलून घेतो. प्रत्येक आसाची मर्यादा गाडीवरच्या पत्र्यावर कोरलेली असते. काट्याची पावती काही पौंडांची, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगात पैसे वसूल होणारी हीच एक गोष्ट.

वजन जास्त भरले तर पहिला उपाय फुकटचा: पाण्याची टाकी रिकामी करा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो; ते मुक्कामी पोहोचल्यावर भरता येते. दुसरा उपाय म्हणजे फटफटी हलकी घेणे. आपल्याकडे गावोगाव दिसणारी शंभर सी.सी.ची गाडी ११०-११५ किलोची असते, तेवढी पुरे. बुलेटचा थाट हवा असेल तर मागे छोटा ट्रेलर जोडावा, म्हणजे तिचे बहुतेक वजन त्याची स्वतःची चाके उचलतात. सांगाडा जुना मिळतो, पण त्याचे सांधे आणि बोल्ट नीट पाहून घ्यावेत. नुसत्या बंपरला तो कधी जोडू नये. गाडीच्या खालच्या मुख्य चौकटीला जोडावा. बांधायला सुंभ नको, खटक्याचे पट्टे हवेत. पुढचे स्प्रिंग थोडे दबतील इतके चार बाजूंनी ताणावेत आणि दहा-पंधरा किलोमीटरवर उतरून पुन्हा तपासावेत, कारण पट्टे हमखास सैल पडतात. फटफटीआड नंबर आणि लाल दिवे झाकले जात असतील, तर मागे दिव्यांची वेगळी फळी लावावीच लागते.

आणखी एक खाच. तिकडे १२५ सी.सी.ची गाडी एका दिवसाच्या सक्तीच्या शिकवणीवर चालवता येते, पण शिकाऊ म्हणूनच. मागे कोणाला बसवायचे नाही. मग दुसऱ्याने काय तळावर बसून तळ्यातली बदके मोजायची? दोघांना हिंडायचे तर पुरी परीक्षा द्यावी.

एवढे सारे करून घाटमाथ्यावर पोहोचलात, की काय दिसते? हार्डनॉटच्या पलीकडच्या उतारावर रोमन शिपायांचा किल्ला आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. भिंती अजून उभ्या आहेत. पण मला विचाराल तर किल्ल्याहून मेंढरे बघण्यासारखी. इथली जात हर्डविक. कोकरू जन्मते काळे कुळकुळीत, वाढत्या वयाबरोबर राखाडी होते आणि तोंड पांढरे पडते. माथ्यावरच्या मोकळ्या कुरणांना कुंपण नाही. तरी प्रत्येक कळप आपल्याच शिवारात चरतो, कारण आई आपल्या कोकराला ती हद्द पायांनी शिकवते. मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअॅट्रिक्स पॉटर या बाई स्वतः या मेंढ्या पाळत. १९४३ साली त्या वारल्या, तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेला ठेवली.

२००१ साली इंग्लंडात लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि सर्वांत मोठा तडाखा कंब्रियाला बसला. साथ थोपवण्यासाठी देशभरात साठ लाखांहून जास्त जनावरे मारली गेली. शेतकऱ्यांना भीती होती ती नुसत्या पैशांची नव्हे. भरपाईतून मेंढ्या नव्या घेता येतील. पण डोंगरावरची हद्द ठाऊक असलेल्या आयाच गेल्या, तर कोकरांना ती शिकवणार कोण? काही कळप वाचले म्हणून ती ओळख टिकली. आज लोकरीचा भाव इतका पडलेला असतो, की पुष्कळदा कातरणीची मजुरीही निघत नाही. तरी लोक मेंढ्या ठेवतात.

परतताना उजेडीच घाट उतरा. संध्याकाळी डांबर दिवसभराच्या उन्हाने कोमट असते आणि ही मेंढरे ऊब घ्यायला ऐन वळणावर बसलेली असतात. हॉर्नला ती भीक घालत नाहीत. फटफटी थांबवून, खाली उतरून हुसकावे लागते.