माळवदावरचा भार

पुढे दुकान आणि मागे माळवदाचे घर, ही कंधारसारख्या गावांतील पेठेची पूर्वापार मांडणी. सागवानी खांब, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे छत. उन्हाळ्यात ते घर थंड राही. पावसाळ्यापूर्वी गळतीच्या भयाने माळवदावर मातीचा नवा थर पडे. वर्षानुवर्षे भार वाढत जाई आणि त्याचा हिशेब कोणत्याही वहीत नसे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला. जड भिंती-छपरांखाली हजारो माणसे झोपेतच गेली. त्यानंतर मराठवाड्याला माळवदाची धास्ती वाटू लागली आणि ज्याला परवडले त्याने स्लॅब टाकला.

आता पुढची पिढी घर सजवू पाहते. पेठेतील एका घरी थोरला मुलगा यादी घेऊन गादीवरील वडिलांपुढे बसला : शहाबादीऐवजी चकचकीत टाइल्स, मॉड्युलर स्वयंपाकघर, पीओपीचे नक्षीदार छत. तूर-सोयाबीनच्या हंगामी खरेदीचे निम्मे भांडवल त्यात जाणार होते.

वडिलांनी नकार दिला नाही. यादीचा क्रम बदलला. आधी गळणारी गच्ची, मग जुनी वायरिंग, मग आजीसाठी न्हाणीघरात न घसरणारी फरशी. नक्षी शेवटी, दिवाळीला शिल्लक उरली तर.

“माळवदावर मातीही अशीच थोडी थोडी चढली होती,” एवढेच ते म्हणाले.

मुलाने नक्षीवर रेघ ओढली. माळवद उतरवताना जपून ठेवलेली सागवानी तुळई मात्र सुताराकडे गेली; तिची देवघराची चौकट झाली.