काजळीची बाजू

व्हिटबी आणि डरॅम पावसात गेलं. यॉर्कला आले आणि ऊन पडलं. लोक इथे मिन्स्टर या कॅथेड्रलसाठी येतात. मी ते तासाभरात उरकलं. दिपवणाऱ्या भव्यतेत माझं मन रमत नाही. मला ओढ होती ती कॉपरगेटच्या खापरांची. तिथला मिठाईचा जुना कारखाना पाडून १९७६ ते १९८१ उत्खनन चाललं. जमीन ओली, म्हणून हजार वर्षांपूर्वीचं लाकूड आणि चामडंसुद्धा टिकलं. खापराला तेवढ्या नशिबाची गरज नसते. फुटलं की फेकतात, आणि भाजलेली माती कुजत नाही.

संग्रहालयात एका टेबलावर खापरं हाताळायला मांडली होती. तिथे बसलेल्या सत्तरीच्या बाईंनी तरुणपणी कॉपरगेटची माती उपसली होती. त्यांनी माझ्या हातावर एक जाड तुकडा ठेवला. आतून हिरवट झिलई, बाहेरून नुसती भाजलेली माती.

"काजळी कुठे आहे, बघा."

ती एकाच कडेला होती. मी म्हटलं, "चुलीवरचं भांडं तर बुडाशी काळं होतं."

बाई खुलल्या. भांडं विस्तवावर नव्हतंच, विस्तवाशेजारी होतं. शिगेवर मांस फिरायचं आणि चरबी खालच्या लांबट मातीच्या परातीत ठिबकायची. जाळाकडची कड काळवंडली. मूठ तिच्या समोर, हात भाजू नये म्हणून. चरबी मातीत मुरू नये म्हणून झिलई आतून; बाहेर झिलईचं शिसं कशाला खर्च करायचं? तळहाताएवढ्या तुकड्यावरून मध्ययुगीन स्वयंपाकघरात जाळ कुठे होता आणि रांधणारं माणूस कुठल्या बाजूला, ते मला कळलं. मिन्स्टरच्या कुठल्याही खांबाने इतकं सांगितलं नव्हतं.

मी पुण्याची, म्हणून पुरातत्त्वज्ञ सांकलियांचा विषय काढला. मॉर्टिमर व्हीलरांच्या मेडन कॅसल उत्खननात ते शिकले, पुढे डेक्कन कॉलेजात आले, आणि १९४५-४६ मध्ये मोरेश्वर दीक्षितांबरोबर त्यांनी कोल्हापुरातली ब्रह्मपुरी खणली. तिथेही वरच्या थरांत बहमनी काळातली, म्हणजे मध्ययुगीनच, वस्ती निघाली. व्हीलरांचं नाव ऐकून बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"तिकडच्या मडक्यांवर काजळी कशी बसते?"

मग बुडाशी काळवंडणाऱ्या मडक्यांपासून तीन दगडांच्या चुलीपर्यंत मी सगळं सांगत गेले, आणि बाई खापरांच्या लेबलामागे पेन्सिलीने टिपून घेत राहिल्या.