घाटावर चढणारी गाडी

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग इथल्या प्रत्येकाच्या तोंडी असतात, घाटाखालचा आणि घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, खामगाव ही घाटाखालची गावं. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा घाटावरची. मुंबई-हावडा मार्ग दीडशेहून अधिक वर्षं मलकापूर-शेगाववरून धावतोय, आणि जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या बुलढाण्यात आजही रूळ नाही. आगगाडी गाठायची तर घाट उतरून मलकापूरला यायचं. खेळण्यातल्या आगगाड्या जमवणाऱ्यांचं मंडळ मी खामगावात चालवते. त्या मंडळाचं सगळं काम या घाटाभोवती फिरेल, हे सुरुवातीला माझ्या मनातही नव्हतं.

मी शाळेत विज्ञान शिकवत होते. मुलांची सहल घेऊन पुण्याला गेले, तेव्हा कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं. 1 एप्रिल 1998 ला ते लोकांसाठी खुलं झालं. एका माणसानं आयुष्यभर जोपासलेला छंद तिथे अख्खं गाव होऊन उभा आहे. एकाच वेळी कितीतरी गाड्या धावतात, सिग्नल आपोआप बदलतात, रस्त्यावरचे दिवे लागतात. मुलं बाहेर यायला तयार नव्हती, आणि मीही नव्हते. परतीच्या प्रवासात ठरवलं की आपल्याकडे असा छंद असलेली माणसं शोधायची.

माणसं निघाली, आणि ती मला वाटलं होतं तशी नव्हती. खामगाव ही जुनी कापसाची पेठ. फोलकार्ट ब्रदर्ससारख्या परदेशी कंपन्यांनी इथे कापूस-खरेदीच्या कचेऱ्या थाटल्या होत्या, आणि अडत्यांच्या घरांत त्या काळी विलायती वस्तू येत. अशाच एका वाड्याच्या माळ्यावरून हॉर्नबीची पत्र्याची गाडी खाली आली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबींनी 1920 मध्ये या गाड्या बाजारात आणल्या. किल्ली देऊन चालणारं इंजिन, 32 मिलिमीटर रुंदीचा पत्र्याचा रूळ, आणि डब्यांच्या बाजू तळाला घट्ट धरणारे मुडपलेले पत्र्याचे कान. दुसरीकडे नांदुऱ्याचा एक तरुण जत्रेतल्या सेलवरच्या गाड्या घेऊन आला. प्लास्टिकचं गोल रिंगण, तीन डबे, इंजिनावर लाल दिवा. त्याच्याकडे अशा गाड्यांची कपाटं भरलेली होती आणि एकही बंद नव्हती. पहिल्या बैठकीत हॉर्नबीवाल्या घरातल्या काकांनी त्या प्लास्टिककडे जरा तुच्छतेनं पाहिलं. मला ते पटलं नाही. संग्रहाची किंमत वस्तूच्या वयावर ठरत असेल, पण मंडळात माणसाची जागा त्याच्या हातच्या कामावर ठरावी, हे मी त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. आमचा पहिला नियम त्यातूनच आला. बैठकीला आणलेली गाडी टेबलावर चालली पाहिजे. चालत नसेल तर तिथेच खोलायची.

खोलायला माणूस लागतो, आणि इथे खामगाव कामाला आलं. आमचं गाव चांदीसाठी ओळखलं जातं. देवाच्या मूर्ती, समया, मुकुट घडवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत. त्यांतले एक भाऊ आमच्याकडे आले ते नातवाचं तुटलेलं इंजिन घेऊन, आणि मग येतच राहिले. पितळेचा कपलिंगचा आकडा तुटला होता, मी तो कथलानं जोडायच्या तयारीत होते. त्यांनी माझ्या हातून तो काढून घेतला. म्हणाले, "बाई, हे कथलानं नाई जमत. ओढ पडली का पुन्हा तुटते. याले चांदीचा डागच द्या लागते." टाकणखार लावला, फुंकणीनं ज्योत धरली, आणि तो आकडा आजही पूर्ण गाडी ओढतो. त्यांच्या हाताखाली आता शाळकरी मुलं शिकतात. कानस कशी धरायची, चिमट्यानं किती दाबायचं, धातूचा रंग कुठे आला की ज्योत बाजूला घ्यायची. माझ्या वर्गात मी हे इतक्या नीट शिकवू शकले नसते.

काही दुखण्यांना मात्र औषध नाही. 1930 च्या आसपासच्या काही ओतीव चाकांत जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश राहिलेला असतो. वर्षानुवर्षं हवेतल्या दमटपणानं तो धातू आतून फुगतो, भेगाळतो, आणि एक दिवस बोटांत भुगा होतो. वाड्यातल्या त्या गाडीची दोन चाकं अशीच गेली. काकांना फार लागलं ते. नवी चाकं पितळेत घडवायची का, यावर आमचा मोठा वाद झाला. अमेरिकेत 1954 साली स्थापन झालेली ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन ही जमवणाऱ्यांची संघटना आहे, तिच्या प्रांतवार शाखा आहेत. नव्यानं घडवलेल्या भागावर तशी कायमची खूण हवी, असा त्यांचा आग्रह असतो. म्हणजे पुढच्या पिढीत कुणी नकलेला अस्सल समजून फसत नाही. आम्ही तो दंडक घेतला. चाकं घडवली, आणि प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला साल आणि "खामगाव" कोरलं. काकांनी भिंगातून ते वाचलं आणि मग किल्ली दिली.

पैशाचा प्रश्न सुटला तो भिशीनं. विजेवर चालणारं चांगलं इंजिन घ्यायचं तर आमच्यातल्या बहुतेकांना एकदम परवडत नाही. शिक्षक, दुकानदार, एसटीतले, जिनिंगमध्ये काम करणारे अशी सगळी माणसं. दरमहा भिशी लागते, चिठ्ठी निघते, आणि ज्याची निघेल त्यानं त्या रकमेत रेल्वेचंच काही घ्यायचं. मुलीच्या फीसाठी रक्कम लागली तर तेही चालतं, फक्त बैठकीत सांगायचं. आजवर कुणी भिशी बुडवलेली नाही. बायकांची भिशी जशी घराघरांत चालते, त्याच विश्वासावर ही चालते.

बैठक असते महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. शेगावचे सभासद येताना कचोरी आणतात. ती आधी खायची, साबणानं हात धुवायचे, मग रुळाला हात लावायचा. यात मी सवलत देत नाही. रुळातून बारा व्होल्टचा प्रवाह जातो, आणि बोटाच्या तेलाचा एक थर पुरे होतो इंजिन अडखळायला. दुसरा शत्रू कापूस. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंग जोरात असतं, आणि खामगावच्या हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. ते आसाभोवती गुंडाळले जातात, दातेरी चक्रांत शिरतात. त्या महिन्यांत दर बैठकीआधी चिमट्यानं तंतू काढणं हे ठरलेलं काम. मे महिन्यात वेगळीच तऱ्हा. चार मीटरचा रूळ हिवाळ्यातल्या पहाटेपासून आमच्या उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत दोनेक मिलिमीटरनं वाढतो. सांध्यांत फट ठेवली नाही तर तो खऱ्या रुळासारखाच वाकतो. मुलांना उष्णतेनं होणारं प्रसरण मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं. इथे ते त्यांच्या नखाला लागतं.

पहिली दोन-तीन वर्षं आम्ही असे जमलो, गाड्या चालवल्या, दुरुस्त केल्या. तरी मला काहीतरी खटकत होतं. टेबलावर जर्मन इंजिन धावतंय, इंग्रज डबे आहेत, स्टेशनावर अनोळखी नाव आहे. आमच्या भागाचं मंडळ आणि टेबलावर आमचा भाग कुठेच नाही. म्हणून जलंब-खामगाव करायचं ठरलं. मुख्य मार्गावरच्या जलंबपासून खामगावच्या कापूसपेठेपर्यंतचा हा आठ मैलांचा फाटा. 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावात आला होता. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात तो तंतोतंत करायचा तर जवळपास दीडशे मीटर रूळ लागतो. तेवढं अंतर अर्थातच आखडून घेतलं. जलंब आणि खामगाव नीट केली, मधली शेतं दोन फळ्यांत बसवली. पराटीची झाडं करायला आमच्या एका ताईंनी खऱ्या कापसाच्याच बारीक गाठी वापरल्या.

रुळाच्या रुंदीचा मुद्दा नाजूक होता. बाजारात मिळतो तो रूळ 16.5 मिलिमीटरचा, जो युरोपातल्या 1435 मिलिमीटरच्या मार्गाशी जुळतो. आपला रुंदमार्ग 1676 मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात तो सव्वाएकोणीस मिलिमीटर हवा. डोळा सरावलेल्याला गाडी रुळापेक्षा फुगलेली वाटते. हातानं रूळ बनवायची तयारी काहींनी दाखवली, पण मी नको म्हटलं. नवीन मुलाला दुकानातला रूळ आणून आमच्या फळीला जोडता यायला हवा, ते जास्त महत्त्वाचं. मूर्तिजापूरचे आमचे सभासद मात्र यात भाग्यवान ठरले. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची शकुंतला रेल्वे 762 मिलिमीटर रुळाची. त्याच प्रमाणात ती पावणेनऊ मिलिमीटर होते, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो! 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली ती गाडी आता बंद आहे. आमच्या टेबलावर मात्र ती मापाला मिलिमीटरच्या पावभागाइतक्या फरकानं धावते. तिच्यातून खरा प्रवास केलेली माणसं खास तेवढ्यासाठी येतात.

आणि मग चिखलीहून एक जण आला. शेती आणि मोटार रिवाइंडिंगचं दुकान. दोन-तीन बैठका तो शांत बसून होता. एकदा जाताना म्हणाला, "बाई, तुमची गाडी आमच्याकडं कव्हा येनार?"

चिखलीवरून जाणाऱ्या खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. सर्वेक्षणं झाली, आंदोलनं झाली, निवडणुकांत आश्वासनं झाली. त्याच्या आजोबांनी वाट पाहिली, वडिलांनी पाहिली. तो म्हणाला, टेबलावर तरी करू. मंडळात दोन तट पडले. जे अस्तित्वात नाही त्याची प्रतिकृती कशी करणार, हा काकांचा प्रश्न रास्त होता. जमवणाऱ्याचं पहिलं इमान खरेपणाशी असतं. पण चाकावर जसं साल कोरतो, तसं या फळ्यांवर स्पष्ट लिहायचं, "नियोजित मार्ग", असं मी सुचवलं. मान्य झालं. त्या दिवसापासून माझ्या मंडळाचा सगळा जीव त्या चढणीत आहे, हे मी मोकळेपणानं सांगते.

कारण घाट खरोखर अवघड आहे. भोर घाटात आणि थळ घाटात सदतीस फुटांना एक फूट चढ आहे, आणि तिथे आजही मागून जादा इंजिनं लावून गाड्या चढवतात. आम्ही चाळीसला एक धरला. म्हणजे दहा सेंटीमीटर उंची गाठायला चार मीटर रूळ. एवढी लांब खोली कुणाकडे नाही, म्हणून वळण घ्यावं लागलं, आणि वळणावर चाकांचं घर्षण वाढतं. चार डबे जोडले की इंजिन जागच्या जागी फिरायचं. चांदीवाल्या भाऊंनी इंजिनाच्या पोटात शिसं ओतून बसवलं, पकड वाढली. तरी पाचवा डबा चढेना. तेव्हा चिखलीच्या त्या गड्यानं मागून दुसरं इंजिन लावायचं काढलं, थळ घाटात कसाऱ्याला लावतात तसं. पण दोन इंजिनांचा वेग जुळला नाही तर मधले डबे वळणावर उचलले जातात. त्यानं दोन्ही मोटारी खोलल्या आणि स्वतःच्या हातानं तारांचे वेढे मोजून पुन्हा गुंडाळल्या. पंपाच्या मोटारी भरणाऱ्या हातांनी तांदळाएवढ्या जागेत तार बसवली. एका पावसाळ्यात हे काम चाललं. पाच डबे घेऊन गाडी घाट चढली, त्या दिवशी घाटाखालचे सगळे उभे राहिले होते.

आता प्रत्येक गावाची फळी त्या गावात राहते. चार फूट बाय दोन फूट, उंची आणि सांधे सगळ्यांचे सारखे. बैठकीला फळ्या एसटीनं, दुचाकीवर बांधून येतात आणि इथे जोडल्या जातात. अमडापूरची फळी झाली, चिखलीची झाली. चिखलीच्या फलाटावर नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आहे, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत, रेल्वेच्या रीतीप्रमाणे. ते अक्षर तिथल्याच एका नववीतल्या मुलीनं काढलं. फलाट सहा डब्यांचा हवा, असा तिचा हट्ट होता. घाट पाचच डबे चढू देतो, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "जालन्याकडून येनारीले तर घाट नाई ना लागत."

तिचं बरोबर होतं. फलाट सहा डब्यांचा झाला. सध्या वेळापत्रकाचं काम चालू आहे. एकेरी मार्ग असल्यानं खामगावहून चढणारी आणि जालन्याहून उतरणारी गाडी अमडापूरला एकमेकींना जागा देतात, आणि कुणी आधी थांबायचं यावर घाटाखालच्यांचं आणि घाटावरच्यांचं अजून एकमत झालेलं नाही. देऊळगाव राजाच्या फळीचं प्लायवूड आणून ठेवलंय, पावसाआधी ते कापून त्याला रंगाचा हात द्यायचा आहे.