रक्ताचा टिळा

मी बारावी पास झालो तेव्हा बाने मरीआईला बोकड दिला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. म्हणून नवसही मोठा. तो काळू बोकड मीच वाढवला होता. त्याला बाभळीच्या शेंगा चारता चारता मी धडे पाठ केले होते. बाने त्याच्या रक्तात बोट बुडवून माझ्या कपाळी टिळा लावला. मी डोळे मिटून घेतले. रात्री पंगतीला मात्र बसलो, हेही लिहिलेच पाहिजे.

माझा एक वर्गमित्र ख्रिस्ती आहे. मूळचा जालन्याचा, वडिलांच्या नोकरीमुळे आष्टीला आलेला. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली, हे मला त्याच्याकडूनच कळले. गेल्या वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर जालन्याच्या चर्चमध्ये गेलो. प्रभुभोजन होते. भाकर ख्रिस्ताचे शरीर आणि प्याल्यातला द्राक्षरस ख्रिस्ताचे रक्त, असे ऐकले आणि मला एकदम काळू आठवला.

परतताना एस.टी.त मी विचारले, "म्हणजे तुमच्यातही बळी आहेच की!"

तो म्हणाला, "आहे; पण शेवटचा."

मग त्याने वल्हांडणाची गोष्ट सांगितली. मिसर देशात दास असलेल्या इस्राएल लोकांनी कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावले आणि मृत्यू ती घरे ओलांडून गेला. जुन्या करारात रक्त म्हणजे प्राण. नव्या करारात मात्र इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते, की बैलाबोकडांच्या रक्ताने पाप जात नाही. ख्रिस्ताने स्वतःलाच एकदा अर्पण केले, आता पुन्हा बळी नको.

मी ख्रिस्ती नाही, होणारही नाही. क्षमा करायला देवाला रक्त कशाला लागावे, हा माझा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण एक गोष्ट मनात रुतली. आमच्या नवसात माणूस देतो आणि देव घेतो. तिथे देव देतो आणि माणूस हात पसरतो. शिवाय देणारा दुसऱ्याचा प्राण देत नाही, स्वतःचा देतो. मी पास झालो त्याची किंमत काळूने का भरावी?

आणि खरी किंमत तरी त्याने कुठे भरली? ऊसतोडीत कोयता लागून बाच्या बोटातून रक्त वाहिलेले मी पाहिले आहे. माझी फी त्याच हातांनी भरली. त्या रक्ताचा टिळा मी कधी लावला नाही.

यंदा बाने बी.ए.साठी पुन्हा बोकड बोलला आहे. मी "नको" म्हणालो. बा संतापला, "देवीला कबूल केलंय. आता तोंड फिरवू का?" दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मायही गप्प होती.

गोठ्यात करडू बांधलेले आहे. बाने अजून हो म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. मी रोज त्याला शेंगा चारतो. पण अजून त्याला नाव ठेवलेले नाही.