निवड झाली, पण करार नाही

कॅनडातल्या हॅमिल्टनला मॅकमास्टर विद्यापीठाच्या मैदानावर मी कॉलेजचा फुटबॉल सामना पहिल्यांदा पाहिला, तेव्हा खेळापेक्षा भाच्याच्या बोलण्यानेच जास्त गोंधळलो. "मामा, तो आठ नंबर बघ. उन्हाळाभर प्रोफेशनल क्लबकडे होता, ऑगस्टमध्ये परत आला." क्लबचा करार केलेला पोरगा पुन्हा कॉलेजच्या जर्सीत कसा, हे माझ्या डोक्यात शिरेना.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे खेळाडू घडतो तो पेठेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात, तेव्हा अख्खं गाव दोन बाजूंना वाटलं जातं. त्यात कॉलेज कुठेच नसतं. इथे मात्र विद्यापीठातून क्लबकडे जायची रीतसर वाट आहे.

ती वाट तशी नवीच. 1992 मध्ये जुनी लीग बंद पडली आणि कॅनडात पुरुषांची देशव्यापी व्यावसायिक लीग उरलीच नाही. 2019 मध्ये कॅनेडियन प्रीमियर लीग सुरू झाली. तिच्या आधीच, नोव्हेंबर 2018 मध्ये व्हँकुव्हरला, क्लबांनी विद्यापीठांतले खेळाडू निवडले: सात क्लब, तीन फेऱ्या, 21 नावं. इथे माझा दुसरा गोंधळ. मला वाटलं, नाव पुकारलं की नोकरी पक्की. तसं नसतं. ज्याचं नाव निघतं त्याला हंगामापूर्वीच्या शिबिराला बोलावणं येतं, एवढंच. करार तिथे झगडून मिळवायचा. काहींना विकासाचा वेगळा करार मिळतो. उन्हाळ्यात क्लबकडे खेळायचं आणि विद्यापीठाचा हंगाम उघडला की परत यायचं. आठ नंबरचं कोडं असं सुटलं.

त्या पहिल्या निवडीत चौदावं नाव होतं जोएल वॉटरमनचं. ब्रिटिश कोलंबियातल्या ट्रिनिटी वेस्टर्न विद्यापीठाचा हा बचावपटू कॅलगरीच्या कॅव्हलरी क्लबने घेतला. एक हंगाम खेळला आणि 2020 च्या जानेवारीत माँट्रियलने त्याला विकत घेतलं. या लीगमधून अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये गेलेला तो पहिला खेळाडू. कॅनडा 1986 नंतर प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला, त्या 2022 च्या कतारमधल्या संघात वॉटरमन होता. हे वाचताना मला आमच्या पेठेतली कितीतरी पोरं आठवली. विशीनंतर खेळ पिकतो, पण तोवर घरच्यांनी दुकानात किंवा एमआयडीसीत जुंपलेलं असतं.

आता दुसरी बाजू. अल्फोन्सो डेव्हिससारखा असामान्य पोरगा कॉलेजसाठी थांबत नाही. तो अठराव्या वर्षी बायर्न म्युनिकला पोचला. ब्रॅम्प्टनचे काइल लॅरिन आणि टेजॉन ब्युकॅनन कॉलेज खेळले ते सीमेपलीकडे, एक कनेटिकटला, दुसरा सिराक्यूजला. 2015 च्या अमेरिकन निवडीत लॅरिन सर्वांत पहिला उचलला गेला. गुणी पोरं दक्षिणेला का जातात, हे इथला हंगाम पाहिला की कळतं. ऑगस्टच्या शेवटी सुरू, नोव्हेंबरात संपला. शनिवारी सामना, रविवारी पुन्हा सामना. पाय मोकळे व्हायच्या आत दुसरी शिट्टी. अडीच महिन्यांत खेळाडू थकतो, घडायला वेळ मिळत नाही. उरलेली कसर उन्हाळ्यातल्या प्रांतिक लीगमध्ये भरून काढावी लागते. हंगाम लांबवायला हवा, असं माझं ठाम मत झालं आहे. बर्फाचं कारण खरं आहे, पण वसंतात मैदानं मोकळी असतातच की.

मुलींना तर 2025 पर्यंत एवढीही सोय नव्हती. क्रिस्टीन सिंक्लेअर पोर्टलंड विद्यापीठात तयार झाली, देशासाठी तिने 190 गोल केले, आणि ती निवृत्त झाली तोवर मायदेशात महिलांची व्यावसायिक लीग नव्हती. नॉर्दर्न सुपर लीग त्यानंतर आली.

इथल्या मराठी आईबापांना एवढंच सांगतो: बारावी झाली म्हणून पोरांना बूट टांगायला लावू नका. विद्यापीठाच्या संघात पाच हंगाम खेळता येतं, पदवीही हातची जात नाही. मुलगा किंवा मुलगी अकरावीत असतानाच तिथल्या प्रशिक्षकाला त्यांच्या खेळाचा व्हिडिओ पाठवा.