वाघोलीची नवी वसाहत आणि सहा मीटरांची वाट

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर खराडीचा चौक मागे पडला की थोड्याच वेळात दोन्ही हातांना उंच इमारतींची रांग दिसू लागते. ही वाघोली. एका पिढीपूर्वी या गावाची ओळख दगडखाणी, खडी फोडणारी यंत्रे, मालाची गोदामे आणि त्यांच्या अधूनमधून ज्वारीची शेते अशी होती. गावाजवळ वाघेश्वराचे जुने देवालय आहे आणि त्याच परिसरात मराठेशाहीतील सरदार पिलाजीराव जाधवराव यांची समाधी आहे. सकाळच्या शांत वेळी तेथे गेले, तर हे एक जुने आणि भारदस्त गाव आहे हे ध्यानात येते. मात्र तेथून पाचशे पावलांवर महामार्गाला लागले की त्या शांततेची आठवणही उरत नाही. रांजणगाव, सणसवाडी आणि शिक्रापूरच्या कारखान्यांकडे जाणारे अवजड ट्रक, खाणींचे डंपर, काँक्रीटचे मिक्सर, पाण्याचे टँकर, शाळांच्या बसगाड्या आणि आपणासारख्यांची चारचाकी वाहने एकाच रस्त्यावर एकमेकांना रेटत असतात.

चार वर्षांपूर्वी आम्ही रविवार पेठेतील जुने घर सोडून येथील एका नव्या गृहसंकुलात राहावयास आलो. दुकान मात्र पेठेतच राहिले. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांनी अलीकडे हाच मार्ग धरला आहे. वाड्याच्या वाटण्या झाल्या, जिना चढणे वडीलधाऱ्यांना जमेना, मुलांना खेळावयास जागा उरली नाही, म्हणून मंडळी बिबवेवाडी, कोंढवा, उंड्री, वाघोली अशी बाहेर पडली. स्थलांतर आपणास नवे नाही. पूर्वजांनी व्यापारासाठी शेकडो कोस ओलांडले, आम्ही अवघे पंधरा-सोळा किलोमीटर. परंतु त्या अंतराने घराचा दिनक्रम किती बदलतो, याचा हिशेब येण्यापूर्वी आम्ही मांडला नव्हता.

पेठेत दुकान खाली आणि घर वर. हिवाळ्यात पाच-सव्वापाचला वरून हाक आली की जिना चढावा, सूर्यास्तापूर्वी जेवावे आणि पुन्हा गादीवर येऊन बसावे. आता दुकानातून साडेचारला निघालो तरी सूर्य मावळण्यापूर्वी घरी पोहोचेन, याची खात्री देता येत नाही. म्हणून दुकानाच्या मालाचा टेम्पो रोज सकाळी माझा संध्याकाळचा डबा घेऊन पेठेत जातो आणि रात्री मला घेऊन वाघोलीस परततो. पेठेत रात्री टेम्पो उभा करण्यास जागा नाही; वसाहतीत मोकळा रस्ता होता. त्या टेम्पोमुळेच हा लेख लिहावा लागला.

पेठेतील रस्ते सुखाचे होते, असे माझे म्हणणे नाही. बोहरी आळीत हातगाडी अडली म्हणजे जी शब्दसुमने उधळली जात, ती येथे छापण्याजोगी नाहीत. तरीही तेथे एक रीत होती. माल उतरवावयाचा तो दुकाने उघडण्यापूर्वी. सम तारखेस रस्त्याच्या एका बाजूस वाहने लावावयाची, विषम तारखेस दुसऱ्या. कोणाच्या घरी आजारपण असले की हमालसुद्धा त्या दारासमोर आवाज खाली आणीत. हे सर्व काही सरकारने शिकविले नव्हते. पिढ्यान्पिढ्या त्याच गल्लीत तोंड दाखवावयाचे असल्यामुळे प्रत्येकाला आपली पायरी ठाऊक होती.

नव्या वसाहतीत अशी रीत आपोआप येत नाही, कारण तेथे कोणीच कोणाला ओळखत नसते. आमच्या संकुलात सोलापूरचे आहेत, लातूरचे आहेत, उत्तरेकडून संगणक कंपन्यांत आलेले तरुण आहेत. प्रत्येकाने आपल्या फ्लॅटचे पैसे मोजले आहेत आणि दाराच्या आतील फरशीन् फरशी निवडून घेतली आहे. दाराबाहेरील रस्ता मात्र कोणी निवडला नव्हता.

हा रस्ता नेमका कोणाचा, हे समजण्यास मला वर्ष लागले. येथील बहुतेक संकुलांचे आराखडे गाव ग्रामपंचायतीत असताना मंजूर झाले. जून २०२१ मध्ये वाघोलीसह २३ गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. परंतु गाव पालिकेत आले म्हणून संकुलाच्या आतील रस्ता पालिकेचा होत नाही. आमच्या संकुलाचे बांधकाम टप्प्याटप्प्याने चालले आहे. दोन टप्प्यांत लोक राहतात, तिसऱ्याचे काम चालू आहे. इमारतीची सोसायटी स्थापन झाली, पण सामाईक रस्ता सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर हस्तांतरित होणार. तोवर त्यावरून आमची मुले शाळेस जातात आणि त्याच रस्त्याने तिसऱ्या टप्प्याची वाळू, लोखंड आणि मिक्सर येतात. खड्डा पडला की बांधकाम व्यावसायिक सोसायटीकडे बोट दाखवितो, सोसायटी त्याच्याकडे, आणि पालिकेचा कर्मचारी फाटकाबाहेरूनच परत जातो. आपल्या व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे तर या रस्त्याचे खातेच कोणाच्या वहीत उघडलेले नव्हते.

खाते नसले म्हणजे उचल मात्र सगळेच करतात. पाण्याचा पुरवठा पुरा पडत नाही म्हणून टँकर येतात. ते पहाटे पाचलाच मागे सरकताना जो कर्कश सूर लावतात, त्याने संपूर्ण इमारत जागी होते. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि दिवसा ५५, असे २००० सालचे नियम सांगतात. आमच्याकडे ही मर्यादा टँकरने पहाटे मोडावी आणि वाढदिवसाच्या ध्वनिक्षेपकाने मध्यरात्री. ज्यांचे पार्किंग तळघरात आहे, तेही दोन मिनिटांचा कंटाळा म्हणून गाडी रस्त्यावर लावतात. ज्यांनी एक जागा घेतली आणि दोन गाड्या आणल्या, त्यांची दुसरी गाडी रस्त्यावर. पाहुण्यांची गाडी रस्त्यावर. आणि माझा टेम्पो वळणाशी, विजेच्या खांबाखाली, कारण तेथे उजेड असतो आणि चोरीचे भय नसते. सुरक्षारक्षकाने एकदा सुचविलेही, "शेठजी, वळणावर नको." मी हसून म्हटले, "अरे, सकाळी सातला निघतोच की." तो गप्प राहिला. ज्याच्या दिवाळीच्या बक्षिसीत आपला हात असतो, तो आपणास दुसऱ्यांदा सांगत नाही.

गेल्या वर्षीच्या श्रावणातील ती रात्र होती. पाऊस लागून राहिला होता. दीडच्या सुमारास हॉर्नच्या लागोपाठ आवाजाने जाग आली. सज्जातून पाहिले तो वळणाशी रुग्णवाहिका उभी. एका बाजूस माझा टेम्पो, समोरच्या बाजूस गाड्यांची रांग आणि मध्ये वाट नाही. मी किल्ली शोधू लागलो, तेव्हा आठवले की ती चालकाच्या खिशात आहे आणि तो केसनंद फाट्याजवळ राहतो. खाली पोहोचलो तेव्हा चौघे तरुण एका वृद्ध गृहस्थांना स्ट्रेचरवर घेऊन पावसातून येत होते. शेवटच्या इमारतीतले निवृत्त शिक्षक. त्यांना श्वास घेता येत नव्हता. कोणीतरी त्यांच्यावर छत्री धरली होती आणि त्यांच्या पत्नी अनवाणी मागून चालत होत्या. सुमारे दोनशे पावलांचे ते अंतर. मीही एक दांडा धरला. टेम्पोला वळसा घालताना त्यावरील माझ्याच दुकानाचे नाव रुग्णवाहिकेच्या दिव्यात लाल-निळे दिसत होते.

गुरुजी वाचले. आठ दिवसांनी घरी आले, तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. काय बोलावे हे ठरवून गेलो होतो, पण हात जोडण्यापलीकडे काही जमले नाही. ते म्हणाले, "शेठ, टेम्पो तुमचा होता हे मला ठाऊक आहे. पण त्याच्या समोर जी पांढरी गाडी होती, ती माझ्या मुलाची." मग थोडे थांबून म्हणाले, "आता आपण दोघांनी मिळून एक मोजपट्टी आणू."

खरोखरच आम्ही मोजपट्टी आणली. उंच इमारतीभोवती अग्निशमन बंबास फिरता यावे म्हणून किमान ६ मीटर रुंदीची मोकळी वाट राखावी लागते. आमचा रस्ता बरोबर ६ मीटर भरला. एक मोटार सुमारे पावणेदोन मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंस मोटारी लागल्या की साडेतीन मीटर गेले, उरले अडीच. अग्निशमन बंबाची रुंदी साधारण तेवढीच, आणि आरसे धरले तर त्याहून अधिक. चौदा मजल्यांच्या इमारतींत राहणारी शेकडो माणसे आणि त्यांच्यापर्यंत बंब पोहोचू शकत नाही, हा हिशेब गुरुजींनी मुलांना गणित समजवावे तसा कागदावर मांडला आणि प्रत्येक लिफ्टमध्ये लावला. त्याखाली कोणाचे नाव नव्हते, कोणावर दोषारोप नव्हता. एवढ्या एका कागदाने जे झाले, ते वर्षभराच्या भांडणांनी झाले नव्हते.

पुढील सभेस प्रथमच खुर्च्या अपुऱ्या पडल्या. वादही पुष्कळ झाला. काहींचे म्हणणे, आम्ही उघड्यावरील जागेचे पैसे मोजले आहेत. तेव्हा सभेत एका वकील भगिनींनी कायदा समजावून सांगितला. महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच निर्णय दिला होता की, इमारतीखालील खांबांमधील अथवा मोकळ्या आवारातील पार्किंग हे सामाईक क्षेत्र आहे, ते स्वतंत्रपणे विकण्याचा अधिकार बिल्डरास नाही. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार आच्छादित पार्किंगचा करारात समावेश होऊ शकतो, परंतु उघड्यावरील जागा आजही विकता येत नाही. २०२४ पासून तर महारेराने पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि नेमके ठिकाण हा सर्व तपशील करारासोबत देणे बंधनकारक केले आहे. ज्या वाचकांना नव्या घराचा करार करावयाचा आहे, त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्याइतक्याच बारकाईने हे पान वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जागेला खांब आड येतो का, गाडीचे दार उघडते का, तळघराच्या उताराची उंची आपल्या वाहनास पुरते का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. आणि संकुलाचा सामाईक रस्ता कधी व कोणाकडे हस्तांतरित होणार, हे लेखी विचारावे. आपण मालाचा नमुना पाहिल्यावाचून सौदा करीत नाही. मग आयुष्यातील सर्वांत मोठा सौदा केवळ रंगीत पुस्तिका पाहून का करावा?

सभेने ठरविले ते असे. रस्त्याच्या दोन्ही कडांना पिवळे पट्टे, त्यांत कोणाचेही वाहन नाही. उघड्यावरील जागांचे वाटप सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दरवर्षी सोडत काढून. दुसऱ्या गाडीसाठी जागा उरली तरच, आणि शुल्क अधिक. टँकर सकाळी सातनंतर. बांधकामाची अवजड वाहने मागील फाटकाने, आणि तसे पत्र बांधकाम व्यावसायिकाकडून लेखी घेतलेले. माझ्या टेम्पोसाठी मी महामार्गालगतच्या एका गोदामात महिन्याच्या भाड्याने जागा घेतली. आता रात्री तेथून घरापर्यंत बारा मिनिटे चालावे लागते. प्रारंभी ही रक्कम खर्चात लिहिताना हात अडखळे. नंतर उमगले, की पूर्वीही हे भाडे कोणीतरी भरतच होते; फक्त ते मी नव्हतो.

सर्व सुरळीत झाले, असे म्हणणे असत्य ठरेल. सणासुदीस पट्ट्यांत गाड्या लागतात, सोडतीत नाव न आलेले सदस्य रुसतात. परंतु आता कोणी गाडी चुकीची लावली, तर शेजारी वर फोन करतो, "भाऊ, गुरुजींची वाट अडली." कायद्याचे कलम सांगावे लागत नाही. पेठेतील जी रीत आम्ही मागे सोडून आलो होतो, तिचे एक छोटेसे रोप येथे लागले आहे.

फाटकाबाहेरचा प्रश्न मात्र अजून उभाच आहे. या वर्षी माघात विहार करीत आलेल्या साध्वीजींचा एक रात्र आमच्या संकुलात मुक्काम झाला. पहाटे त्यांना पोहोचवावयास आम्ही पंधरा-वीस जण निघालो. आतील रस्त्यावर पायाखाली स्वच्छ, मोकळी वाट होती. फाटक ओलांडले मात्र, आणि पदपथ संपला. अंधारात डंपर अंगावरून गेल्यासारखे जात होते. याच वाघोलीत, केसनंद फाट्याजवळ, डिसेंबर २०२४ मध्ये पदपथावर झोपलेल्या मजुरांना डंपरने चिरडले आणि तिघांचा जीव गेला, त्यांत दोन चिमुकली बालके होती. चालणाऱ्यासाठी या महामार्गावर जागाच ठेवलेली नाही. वाघोलीपर्यंतच्या मेट्रोस २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे, ती यथाकाल येईल. पण मेट्रोपर्यंतही माणसास पायीच जावे लागणार.

साध्वीजी डांबराच्या कडेने, धुळीतून, खाली पाहत, पावलापुढचे पाऊल निरखून टाकीत चालल्या होत्या. आम्ही काही जण त्यांच्या उजव्या हातास, वाहनांच्या बाजूने, हातातील विजेऱ्या मागे धरून चाललो. गुरुजीही काठी टेकीत थोडे अंतर आले होते. परतताना ते म्हणाले, "आतले सहा मीटर झाले. आता हे बाहेरचे धरायचे."

त्याच आठवड्यात शेजारच्या चार सोसायट्यांच्या सह्यांनिशी पदपथ आणि दिव्यांसाठीचा पहिला अर्ज पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात दिला. पोच घेतली आहे. रस्त्याच्या नावाने आता एक वही उघडली आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर तो अर्ज चिकटविला आहे.